वेगांची बेरीज आणि स्वकाल

आर्मां फिझो या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १८५१ मध्ये वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडून त्याचा वेग किती बदलतो ते तपासले. प्रकाशाच्या एका झोताचे दोन भाग करून त्याने एक भाग प्रवाहाबरोबर आणि दुसरा प्रवाहाविरुद्ध नेला, आणि ते पुन्हा एकत्र आल्यावर व्यतिकरणाने पडणारे पट्टे किती सरकतात हे मोजले. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर होता. स्थिर पाण्यात प्रकाश निर्वातातील आपल्या वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश वेगाने जातो. पाणी वाहू लागले म्हणजे त्याचे सातही मीटर प्रकाशाच्या वेगात मिळावेत ही अपेक्षा अगदी स्वाभाविक होती. कारण नावाड्याच्या वेगात नदीचा वेग मिळवावा हे गणित शाळेतील मुलासही ठाऊक असते. प्रत्यक्षात मिळाले ते मात्र तीन मीटरांच्या आसपास.

फ्रेनेलने १८१८ मध्येच असे काहीतरी घडेल हे सांगून ठेवले होते. पाणी आपल्याबरोबर ईथराला अंशतः ओढून नेते, आणि किती अंशाने ओढते ते पाण्याच्या प्रणमनांकावरून ठरते, असे त्याचे सूत्र होते. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८६ मध्ये अधिक काटेकोर प्रयोग करून ते आकड्यापुरते खरे असल्याचे दाखविले. तथापि आकडा खरा ठरला म्हणून त्यामागील चित्र पटण्यासारखे होतेच असे नाही. प्रणमनांक प्रत्येक रंगाला निराळा असतो. तेव्हा एकाच नळीतील तेच पाणी तांबड्या प्रकाशासाठी ईथराला एका मापाने आणि निळ्यासाठी दुसऱ्या मापाने ओढते, असे मानणे भाग पडे. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये वेगांच्या बेरजेचा नवा नियम मांडला, त्या लेखात फिझोच्या प्रयोगाचा निर्देश नाही. तो नियम फिझोच्या पाण्याला लावला असता फ्रेनेलचे सूत्र आपोआप निघते, ओढल्या जाणाऱ्या ईथराची गरज उरत नाही, हे माक्स फॉन लाउए याने १९०७ मध्ये दाखवून दिले. म्हणजे शाळेतली बेरीज प्रयोगशाळेत चुकत असल्याचा पुरावा अर्धशतकाहून अधिक काळ सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. तो बेरजेविरुद्धचा पुरावा आहे हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

बेरजेविषयी शंका न येण्याचे कारण ‘वेग’ या शब्दाच्या वापरात शोधावे लागते. संस्कृत वैयाकरणांच्या परिभाषेत ज्या शब्दाला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्या शब्दाची अपेक्षा असते तो सापेक्ष. ‘पुत्र’ म्हटले की ‘कोणाचा’ हा प्रश्न उभा राहतो; ‘उत्तरेस’ म्हटले की ‘कशाच्या’ हे सांगावे लागते. ‘वेग’ हा शब्द याच जातीचा आहे. आगगाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असे म्हणताना ‘रुळांच्या दृष्टीने’ हे पद अध्याहृत असते, आणि डब्यातून चालणाऱ्या उतारूचा वेग ताशी ५ किलोमीटर म्हणताना ‘डब्याच्या दृष्टीने’ हे पद अध्याहृत असते. सापेक्षता सिद्धांतातील ‘सापेक्ष’ हा शब्द या जुन्या व्याकरणी अर्थाने घेतल्यास पुष्कळसे गैरसमज टळतात. ‘सारेच सापेक्ष आहे’ हे लोकप्रिय वाक्य या सिद्धांताने कधीही म्हटलेले नाही. कोणत्या राशीला कशाची अपेक्षा आहे आणि कोणत्या राशीला ती मुळीच नाही, याचा निवाडा करणे हे त्याचे काम आहे.

उतारूच्या उदाहरणात ६० आणि ५ यांची बेरीज करताना अध्याहृत पदांपेक्षाही खोल दडलेले एक गृहीत असते. उतारूचे ५ किलोमीटर डब्यातील पट्टीने आणि डब्यातील घड्याळाने मोजलेले आहेत. गाडीचे ६० जमिनीवरच्या पट्टीने व घड्याळाने. १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली तेव्हा काही काळ जुने आणि नवे पैसे बाजारात बरोबरच चालत. पाच जुने आणि पाच नवे पैसे मिळून दहा पैसे, असा हिशेब करणाऱ्यास दुकानदाराने थांबविले असते, कारण जुने ६४ पैसे म्हणजे रुपया आणि नवे १०० म्हणजे रुपया. वेगांच्या बेरजेत अशी दोन नाणी एकत्र होतात. दृष्टांत एवढ्यापुरताच घ्यावा. नाण्यांचा दर ठराविक असतो, येथे दर वेगावर अवलंबून असतो, आणि बाजारच्या वेगांना तो एकास एक इतका जवळ असतो की चूक कधी कळतच नाही.

हा दर काढण्याची एक सरळ रीत हर्मन बोंडी यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुगम पुस्तकातून सर्वपरिचित केली. तिच्यात पट्टी लागत नाही. प्रत्येकाजवळ स्वतःचे घड्याळ आणि प्रकाशाचा इशारा करण्याचे साधन असले म्हणजे पुरते. ‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांजवळून जातात त्या क्षणी दोघांची घड्याळे शून्यावर आहेत. पुढे ‘ब’ एकसारख्या वेगाने सरळ दूर जात राहतो. ‘अ’च्या घड्याळात १ तास झाला की ‘अ’ एक इशारा पाठवतो. तो ‘ब’ला गाठतो तेव्हा ‘ब’च्या घड्याळात २ तास झालेले आहेत, असे समजावे. इशारे पाठविण्यातील अंतर आणि ते मिळण्यातील अंतर यांचे हे जे २ पट प्रमाण, त्यास येथे ‘गुणक’ म्हणू. ‘ब’ तो इशारा मिळताच परत पाठवतो. ‘ब’च्या बाजूने पाहता ‘अ’ हाच त्याच वेगाने दूर जात आहे. दोघांत निसर्गाने भेद केलेला नाही. यास्तव परतीच्या इशाऱ्यालाही तोच गुणक लागू होतो, आणि ‘ब’चे २ तास ‘अ’च्या घड्याळावर ४ होतात.

आता ‘अ’ हिशेबाला बसतो. इशारा १ वाजता गेला, ४ वाजता परत आला. प्रकाशाला जायला आणि यायला मिळून ३ तास लागले. जातानाचा आणि येतानाचा वेग सारखाच असल्याने प्रत्येकी दीड तास. म्हणजे इशारा पोचला त्या वेळी ‘ब’ दीड प्रकाशतासाइतका दूर होता, आणि ती वेळ १ आणि ४ यांच्या मधोमध, अडीच तासांची. दीड भागिले अडीच, म्हणजे ‘ब’चा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ०.६ पट. त्याच घटनेला ‘ब’चे घड्याळ २ तास दाखवीत होते. ‘ब’च्या घड्याळाचे २ आणि ‘अ’च्या हिशेबाचे अडीच, हे ०.८ चे प्रमाण म्हणजेच ‘कालाचे प्रसरण’ या भारदस्त नावाने ओळखली जाणारी गोष्ट. ती वेगळी सिद्ध करावी लागली नाही.

या हिशेबातील आकड्यांची जात पाहणे अगत्याचे आहे. १, २ आणि ४ हे आकडे कोणीतरी आपल्या हातातील घड्याळावर, घटना जेथे घडली तेथेच, वाचलेले आहेत. अडीच तास मात्र कोणीच वाचलेले नाहीत; ते ‘अ’ने नंतर ठरविले. दीड प्रकाशतास हे अंतरही ठरविलेलेच, आणि त्या दोहोंचा भागाकार जो वेग तोही ठरविलेला. पाठ्यपुस्तकांत वेग प्रथम येतो आणि स्वकाल पुष्कळ पुढे, जणू ते वेगापासून काढावयाचे दुय्यम सूत्र असावे. वस्तुतः क्रम उलटा आहे. घड्याळावर वाचलेला काल हा कच्चा माल आणि वेग हा त्यापासून तयार केलेला पक्का माल होय. विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका हा क्रम उलटल्यामुळे होतात.

गुणक ग असेल तर वेग (ग² − १) ÷ (ग² + १) हे वरच्याच हिशेबावरून निघते. आता ‘ब’च्या पुढे त्याच दिशेने ‘क’ जात आहे. तोही त्याच क्षणी शून्य तासावर निघालेला. ‘ब’च्या दृष्टीने त्याचा वेग ०.८. सूत्राप्रमाणे यांच्यातील गुणक ३. ‘अ’चा १ वाजताचा इशारा ‘ब’ला २ वाजता मिळतो. ‘ब’ त्याच क्षणी आपला इशारा पुढे करतो, तो ‘क’ला मिळतो तेव्हा ‘क’च्या घड्याळात दोन त्रिक सहा तास झालेले असतात. पण ‘अ’चा मूळ प्रकाश आणि ‘ब’ने सोडलेला प्रकाश बरोबरीनेच पुढे जातात, कारण प्रकाशाचा वेग तो कोणी सोडला यावर अवलंबून नाही. तेव्हा ‘अ’ आणि ‘क’ यांच्यातील गुणक ६, आणि ‘अ’च्या दृष्टीने ‘क’चा वेग ३५ ÷ ३७, म्हणजे सुमारे ०.९४६.

०.६ आणि ०.८ यांची शाळकरी बेरीज १.४ झाली असती. प्रसिद्ध सूत्र सांगते की या बेरजेला ‘एक अधिक दोन वेगांचा गुणाकार’ याने भागावे: १.४ ÷ १.४८, म्हणजे पुन्हा ३५ ÷ ३७ च. सूत्र पाठ केल्याने हा भाजक कोठून आला ते कळत नाही. गुणकांच्या वाटेने गेल्यास कळते. वेगांची बेरीज होतच नाही. गुणाकार होतो तो गुणकांचा, आणि गुणक ही दोन घड्याळांवर वाचलेल्या कालांची तुलना आहे. गुणक कितीही मोठा झाला तरी (ग² − १) ÷ (ग² + १) एकाच्या आतच राहते, त्यामुळे प्रकाशाची मर्यादा बाहेरून घातलेला निर्बंध म्हणून सांगावी लागत नाही. ज्यांना बेरीजच हवी असेल त्यांनी गुणकाचा लॉगरिदम घ्यावा. त्या राशीला ॲल्फ्रेड रॉब याने १९११ मध्ये ‘शीघ्रता’ या अर्थाचे नाव दिले, आणि एका रेषेतील शीघ्रता सरळ मिळविता येतात.

फिझोच्या पाण्यालाही हेच लागू. पाण्यातील प्रकाशाचा वेग ०.७५, त्यात पाण्याचा अत्यल्प वेग नव्या नियमाने मिळविला असता पाण्याच्या दर मीटरमागे १६ तील ७ भाग एवढीच भर पडते. सात मीटरांचे तीन मीटरांहून किंचित अधिक होतात. १९६४ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत याच नियमाचे दुसरे टोक तपासले गेले. प्रकाशाच्या ०.९९९७५ पट वेगाने धावणारे उदासीन पायॉन विघटित होताना पुढच्या दिशेने जे गॅमा किरण सोडतात, त्यांचा वेग शाळकरी बेरजेने प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट व्हावा. तो मोजला असता, मापनाच्या मर्यादेत, प्रकाशाच्या वेगाइतकाच भरला.

येथे एका हटकून होणाऱ्या घोटाळ्याची दखल घ्यावयास हवी. दोन याने जमिनीच्या दृष्टीने प्रत्येकी ०.६ वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यामधील अंतर जमिनीवरच्या निरीक्षकाच्या हिशेबाने १.२ या दराने मिटते. यात काही चूक नाही आणि सिद्धांताचा भंगही नाही. हा दर कोणत्याही एका वस्तूचा वेग नाही. एकाच निरीक्षकाने एकाच घड्याळाने मोजलेल्या दोन वेगांची ती बेरीज आहे, आणि तेथे नाणे एकच असल्याने शाळकरी बेरीजच बरोबर. एका यानातून दुसऱ्याचा वेग किती दिसेल, हा निराळा प्रश्न. तेथे २ आणि २ या गुणकांचा गुणाकार ४, म्हणून वेग १५ ÷ १७, सुमारे ०.८८. दुर्दैवाने या दोन्ही राशींना ‘सापेक्ष वेग’ हे एकच नाव सर्रास दिले जाते. पहिलीस ‘अंतर मिटण्याचा दर’ म्हणावे आणि दुसरीसाठी ‘सापेक्ष वेग’ हे नाव राखावे, हे बरे.

गुणकांचा हा सुबक हिशेब एका रेषेपुरताच चालतो. वेग एकमेकांना काटकोनात असतील तर गणित अधिक विलक्षण होते. एक यान पूर्वेकडे ०.६ वेगाने जात आहे आणि त्यातून, यानाच्या दृष्टीने उत्तरेकडे, ०.८ वेगाने एक गोळा सुटतो. पायथॅगोरसच्या नियमाने ०.६ आणि ०.८ चा कर्ण बरोबर १ येतो, म्हणजे गोळा प्रकाशाच्या वेगाने जावा. पण यानाचे घड्याळ जमिनीच्या हिशेबाने ०.८ दराने चालते. म्हणून जमिनीवरून पाहता गोळ्याचा उत्तरेकडील वेग ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४ एवढाच भरतो, आणि एकूण वेग सुमारे ०.८७७. आता क्रम बदलून पाहावे: यान उत्तरेकडे ०.८ ने, गोळा त्यातून पूर्वेकडे ०.६ ने. एकूण वेग तोच, ०.८७७, दिशा मात्र निराळी. पहिल्या क्रमात गोळा पूर्वेपासून सुमारे ४७ अंश उत्तरेकडे वळलेला असतो, दुसऱ्यात सुमारे ६६ अंश. बेरजेत क्रमाला महत्त्व नसते हे जे अंकगणिताचे पहिले आश्वासन, तेही येथे टिकत नाही. ही केवळ कागदावरची गंमत नव्हे. १९२६ मध्ये एल. एच. थॉमस याने या फरकाचाच आधार घेऊन अणूच्या वर्णपटातील सूक्ष्म रेषांच्या गणितात नडणारी २ पटीची चूक दूर केली.

आता स्वकालाकडे वळावे. ही कल्पना आणि तिचे नाव हेरमान मिन्कोवस्की याचे. १९०८ च्या सप्टेंबरात कोलोन येथे दिलेल्या आणि पुढे फार गाजलेल्या व्याख्यानात त्याने अवकाश आणि काल यांचे एकत्र भूमितीय चित्र मांडले. त्याचा जर्मन शब्द ‘आयगेनत्साइट’. यातील ‘आयगेन’ म्हणजे स्वतःचा. इंग्रजीत त्यास ‘प्रॉपर टाइम’ म्हणतात. त्यातील ‘प्रॉपर’ हे विशेषण लॅटिनमधील ‘स्वतःचा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले असले तरी आज त्याचा रूढ अर्थ ‘योग्य’ असा झाला आहे, आणि पुष्कळ विद्यार्थी ‘योग्य काल’ आणि ‘अयोग्य काल’ अशी जोडी मनात धरतात, हे अनर्थाचे मूळ आहे. आइन्स्टाइन आणि मिन्कोवस्की यांच्या मूळ लेखांचे इंग्रजी भाषांतर १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले, ते मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुण अध्यापकांनी केले होते, ही गोष्ट या देशातील परिभाषाकारांनी विसरू नये. मराठीला ‘स्वकाल’ हा शब्द ‘स्वभाव’, ‘स्वदेश’ यांच्या रांगेत सहज बसतो आणि जर्मन शब्दाशी इंग्रजीपेक्षा अधिक प्रामाणिक राहतो.

या ‘स्व’चे कार्य मराठी वाक्यरचनेतून चांगले समजते. ‘गोविंद त्याच्या घरी गेला’ या वाक्यात घर गोविंदाचे की आणखी कोणाचे, हे संदर्भावरून ठरते. ‘गोविंद आपल्या घरी गेला’ यात ते संदर्भावर राहत नाही; ‘आपल्या’ हे पद वाक्याच्या कर्त्याशी बांधलेले आहे, बोलणारा कोणीही असो. सापेक्षता सिद्धांतातील नुसता ‘काल’ हा ‘त्याच्या’सारखा आहे, कोणत्या निरीक्षकाचा, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. स्वकाल हा ‘आपल्या’सारखा; तो घड्याळाच्या मार्गाशी बांधलेला असतो आणि सर्व निरीक्षक त्याचा तोच आकडा सांगतात.

काढण्याची रीत अशी. एकसारख्या गतीने जाणाऱ्या घड्याळाच्या मार्गावरील दोन घटना घ्याव्यात. कोणत्याही निरीक्षकाच्या हिशेबाने त्यांच्यातील काल तासांत आणि अंतर प्रकाशतासांत मांडावे. कालाच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावे. वरील उदाहरणात ‘अ’च्या हिशेबाने काल २.५ आणि अंतर १.५; वर्ग ६.२५ आणि २.२५, वजाबाकी ४, वर्गमूळ २, हाच ‘ब’च्या घड्याळावर वाचलेला आकडा. मार्ग वाकडा असेल तर त्याचे लहान लहान सरळ तुकडे पाडून प्रत्येकाचा स्वकाल काढावा आणि मग बेरीज करावी. ही बेरीज शाळकरी बेरीजच असते, कारण एका घड्याळाचे सर्व तास एकाच नाण्यातले असतात. पायथॅगोरसच्या सूत्रातील अधिकाच्या जागी वजा आल्यामुळे मात्र भूमितीचा एक परिचित नियम उलटतो: दोन घटनांना जोडणाऱ्या मार्गांत सरळ मार्गाचा स्वकाल सर्वांत मोठा असतो, आणि प्रत्येक वळसा तो कमी करतो.

पॉल लांजव्हँ याने १९११ मध्ये या नियमाला प्रवाशाच्या गोष्टीचे रूप दिले: प्रवासी दोन वर्षांनी परत येतो, तो पृथ्वीवर दोनशे वर्षे लोटलेली असतात. लहान आकड्यांनी हिशेब करावा. ‘ब’ हा ‘अ’पासून ०.६ वेगाने निघतो. ‘अ’च्या हिशेबाने ५ तासांनी तो ३ प्रकाशतास दूर असतो, २५ वजा ९ म्हणजे १६, आणि स्वकाल ४ तास. परतीला तेवढेच. दोघे भेटतात तेव्हा ‘अ’चे घड्याळ १० दाखविते, ‘ब’चे ८. वळताना यानाला बसणाऱ्या धक्क्याने घड्याळ मागे पडले असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते, ते पटण्यासारखे नाही. धक्का टाळूनही फरक राहतो. ‘ब’ने वळूच नये, त्याच्या ४ तासांच्या क्षणी समोरून ०.६ वेगाने ‘अ’कडे येणाऱ्या ‘ड’ने त्याच्याजवळून जाता जाता आपले घड्याळ ४ वर लावून घ्यावे. ‘ड’ ‘अ’जवळ पोचतो तेव्हा त्याचे घड्याळ ८ दाखविते आणि ‘अ’चे १०. तिन्ही घड्याळांपैकी एकालाही धक्का बसलेला नाही. फरक आला तो दोन तुकड्यांचा मार्ग एका सरळ मार्गाहून निराळा असल्यामुळे.

यावर जो आक्षेप येतो तो असा: ‘ब’च्या दृष्टीने ‘अ’चेच घड्याळ मंद चालते, मग ‘ब’चे मागे कसे पडेल? ‘ब’ आपल्या ४ तासांच्या क्षणी म्हणेल, ‘आता अचे घड्याळ ३.२ दाखवीत आहे’. हे बरोबर आहे. त्याच जागी, त्याच क्षणी ‘ड’ म्हणेल, ‘आता अचे घड्याळ ६.८ दाखवीत आहे, आणि भेट होईपर्यंत ते आणखी ३.२ पुढे जाईल’. हेही बरोबर. ३.२ आणि ३.२ मिळून ६.४ होतात; दहाला उरलेले ३.६ तास ‘आता’ या शब्दात लपलेले असतात. ‘येथे’, ‘मी’, ‘उद्या’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो हे भाषेच्या अभ्यासकाला परिचित आहे. मराठीतील ‘परवा’ तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांचे काम करतो. दूरच्या घटनेविषयी ‘आता’ म्हणणे हे या शब्दांच्याच वर्गात पडते, आणि केवळ बोलणाऱ्याच्या जागेवर न थांबता त्याच्या गतीवरही अवलंबून राहते, ही १९०५ च्या लेखातील सर्वांत धाडसी कल्पना होय. इशारे मोजले असता ‘आता’ची गरजच उरत नाही. ‘ब’ आणि पुढे ‘ड’ आपल्या दर तासाला एक इशारा पाठवतात. गुणक २ असल्याने पहिले चार इशारे ‘अ’ला २, ४, ६ आणि ८ वाजता मिळतात, येताना गुणक अर्धा होतो, म्हणून पुढचे चार साडेआठ, नऊ, साडेनऊ आणि दहा वाजता. इशारे आठ, तास दहा.

हा घोटाळा केवळ नवशिक्यांचा नाही. हर्बर्ट डिंगल यांनी सापेक्षता सिद्धांतावर १९२२ आणि १९४० मध्ये पुस्तके लिहिली होती. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते अध्यक्ष होते. असे असूनही १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी प्रवाशाचे घड्याळ मागे पडणार नाही असा पक्ष घेतला, पुढे सिद्धांतच आत्मविसंगत आहे असे प्रतिपादिले, आणि १९७२ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दोन घड्याळांपैकी प्रत्येक दुसऱ्यापेक्षा मंद चालते हे अशक्य आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. विल्यम मॅक्री यांनी त्यास नेचर नियतकालिकातून उत्तरे दिली. डिंगल यांच्या वाक्यात ‘मंद’ हा शब्द एकदाच येतो, पण त्यात दोन निरनिराळ्या तुलना दडलेल्या आहेत. ‘अ’च्या हिशेबात ‘ब’चे एक घड्याळ ‘अ’च्या चौकटीतील, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन घड्याळांशी ताडले जाते; ‘ब’च्या हिशेबात याच्या उलट. तुलनेची घटनांची जोडी दोन्ही वेळी निराळी असते, म्हणून विरोध उत्पन्न होत नाही. अध्याहृत पद विसरल्याची किंमत एवढ्या व्यासंगी अभ्यासकाला आयुष्याची अखेरची वीस-बावीस वर्षे मोजून द्यावी लागली, ही या सिद्धांताच्या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे.

निसर्गात स्वतःचे घड्याळ बाळगणारे कण आहेत, हे १९३८ मध्ये होमी भाभा यांनी दाखवून दिले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारण्यास तेव्हा सात वर्षे अवकाश होता. केंब्रिजहून नेचरला पाठविलेल्या एका छोट्या टिपणात त्यांनी म्हटले की अस्थिर जड कण हा घड्याळच मानता येईल, आणि सापेक्षता सिद्धांतानुसार गतिमान असताना त्याचे विघटन उशिराने व्हावे. या अपेक्षेचा अत्यंत स्वच्छ पडताळा डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. वातावरणाच्या वरच्या थरात निर्माण होणारे म्यूऑन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतात. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर, ठराविक वेगाचे म्यूऑन तासाला सरासरी ५६३ मिळाले. तेथून समुद्रसपाटीपर्यंत यायला जमिनीच्या हिशेबाने सुमारे ६.४ मायक्रोसेकंद लागतात. आयुष्य तेवढेच राहिले असते तर खाली जेमतेम ३० पोचले असते. पोचले ४०८. ५६३ चे ४०८ होण्यास स्थिर म्यूऑनला जेवढा काल लागतो तो सुमारे ०.७ मायक्रोसेकंद. जमिनीचे ६.४ आणि म्यूऑनचे स्वतःचे ०.७, हे नऊपटीच्या जवळचे प्रमाण त्यांच्या वेगावरून काढलेल्या प्रमाणाशी मापनाच्या मर्यादेत जुळते.

म्यूऑन खाली येतात पण परत जात नाहीत, तेव्हा येथे लांजव्हँच्या प्रवाशाची परीक्षा झाली नाही, असे कोणी म्हणू शकेल. ती १९७७ मध्ये सर्नच्या म्यूऑन-साठवण वलयात झाली. वलयात फिरणारा म्यूऑन प्रत्येक फेऱ्यात आपल्या आरंभबिंदूशी परत येतो. त्यांच्या वेगाने स्वकाल आणि प्रयोगशाळेचा काल यांत १ ला २९.३ असे प्रमाण यावयास हवे होते, २.२ मायक्रोसेकंदांचे आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद भरले. वलयात वळत राहण्यासाठी त्या कणांवर पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १ वर १८ शून्ये इतक्या पटीचे त्वरण सतत कार्य करीत होते, आणि त्या त्वरणाचा आयुष्यावर निराळा असा काहीही परिणाम आढळला नाही.